अस्सल

मकातीहून आलेला गृहस्थ पांढऱ्या शर्टासकट
गाडीखाली सरपटत गेला
आणि बाहेर आला तो कोपराला ग्रीस, तोंडभर हसू घेऊन :
"चौकट खरी आहे. फोर्डची. बेचाळीस सालची."
मग माझ्या जीपनीभोवती एक चक्कर मारून म्हणाला,
"बाकीचं सगळं काढून टाका."

बाकीचं सगळं म्हणजे
सोळा माणसांची दोन बाकडी,
बॉनेटवरचे पत्र्याचे चार घोडे, एकाला शेपूट नाही,
आरशाशेजारचा सांतो निन्यो,
लिपा-तानावान-लिपा ही पाटी,
आणि गाडीच्या पोटातले ते तीन फूट,
जे माझ्या बापाने जीप मधोमध कापून आत घातले होते
सैन्य निघून गेल्यावर,
नारळीच्या बागेत तिच्यावर वेली चढू लागल्या तेव्हा.

रक्कम ठरली. नातीच्या नर्सिंगची दोन वर्षं निघतील एवढी.
मी इसाबेलो दिमाकुलांगन, वय एकाहत्तर,
ग्राइंडर लावला.

रंगाचे अकरा थर निघाले.
वर नारंगी, त्याखाली माझ्या लग्नातला निळा,
त्याखाली एक पिवळा, ताल डोंगर फुटला तेव्हाच्या राखेने
अजून खरखरीत,
आणि तळाशी सैन्याचा शेवाळी,
त्यावर चांदणीचं एकच टोक.
फोटो धाडला. गृहस्थाने उत्तरादाखल लाल बदाम पाठवला.

मग त्याची यादी आली.
कुऱ्हाड, फावडं, रायफल अडकवायच्या कड्या, पेट्रोलचा डबा
हे तो स्वतः आणणार, कुठल्या कुठल्या लिलावांतून.
माझ्याकडून हवेत फक्त बोल्ट.
कंपनीने म्हणे एकूण एक बोल्टाच्या डोक्यावर
एफ हे अक्षर ठोकलं होतं.
ज्यावर ते नसेल, त्याचे पैसे कापणार.

एफ.
मी पाच वर्षांचा होतो, बापाला पाने द्यायचो.
विचारलं, तातय, यावर काय लिहिलंय?
तो गाडीखालूनच म्हणाला, तुझ्या आईचं नाव.
फेलिसिदाद.
एवढ्याशा डोक्यावर मावेना, म्हणून पहिलंच अक्षर घातलं.
मी ते खरं धरून चाललो.
शाळेत यावरून एकाचं नाक फोडलं.
आई कधी काही बोलली नाही,
संध्याकाळी भाड्याची चिल्लर मोजताना
गालातल्या गालात हसायची फक्त.
बाप अंगठेबहाद्दर.
जन्मभरात त्याला ओळखू येणारं अक्षर तेवढं एकच.

त्याची वेल्डिंगची शिवण वाकडी होती.
वाकडी, पण कधी उसवली नाही :
डुकरं वाहिली, कॉफीची पोती वाहिली,
दोन बाळंतपणं तिच्यावरच झाली, त्यातलं एक माझं.
ती कापायला मला दोन दिवस लागले.
पहिल्या दिवशी पातं तुटलं. दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, वीज होती,
कारण उरलं नाही.
मधले तीन फूट बाजूला काढले
आणि जुनी दोन टोकं एकमेकांसमोर आणली.
मिलिमीटरला मिलिमीटर जुळली.
सत्तर वर्षांनी भेटली,
पण ओळख असल्यासारखं काही वाटलं नाही.

आता ती उभी आहे, ठेंगणी, शेवाळी,
कुणाचीच नसल्यासारखी देखणी.
ते तीन फूट कोंबड्यांना आवडलेत.

काल गृहस्थ भिंग घेऊन आला.
ओणवा होऊन तासभर मोजत होता, ओठ हलवत,
जपमाळ ओढणाऱ्या बाईसारखा.
"एक साधा आहे," म्हणाला. "बंपरच्या डाव्या अंगाला. हा दुकानातला."
असेल, म्हटलं. जुनी गाडी, पडला असेल कुठेतरी.
त्याने दीडशे पेसो कापले.
मी घासाघीस केली नाही.
हात खिशात होता,
चिल्लरीत ते लोखंड वाजत होतं,
आणि तो भला माणूस म्हणाला,
"राहू द्या हो, सुटे आहेत माझ्याकडे."